डावं मडगार्ड

वेसावे,
८ जुलै १९७३

हरेश्वरा,

आशीर्वाद आधी, भांडण मागाहून.

तुझं पत्र परवा आलं. पोस्टमनने 'वेरावळ, वेरावळ' करत सगळ्या गल्लीला ऐकवत आणून दिलं, त्यामुळे मथुराच्या भावाने अखेर बहिणीला दोन ओळी लिहिल्या हे आता कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. दोन ओळीच म्हणते, कारण माझ्या तब्येतीच्या वाट्याला तेवढ्याच आल्या. बाकीची पानं सगळी गाडीच्या रंगाला. तुझं लग्न झालेलं असतं तर बायकोने ते पत्र चुलीत घातलं असतं.

मी मात्र नीट वाचलं आणि सांगितलंस तसं करते आहे. ताडपत्री गाडीवर नुसती टाकलेली नाही. बांबू बांधून त्यावर ताणली आहे, म्हणजे ओलं कापड रंगाला चिकटणार नाही आणि फोड यायचे नाहीत. उघडीप मिळाली की ती काढून गाडीला वारा देते. पाणी देवळाजवळच्या गोड्या विहिरीचं आणते, दारातलं मचूळ वापरत नाही. आधी नुसतं पाणी ओतून रेती घालवायची, मगच फडकं लावायचं, हेही लक्षात आहे. सुकल्यावर सावलीत मेणाचं पॉलिश, माझ्या जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने. बायका येता-जाता हसतात. परवा एकजण म्हणाली, "मथुरा, पोरीला न्हाऊ घालतेस की गाडीला?" मी म्हटलं, घरात पोर नाही, आहे ते धुते.

खरं सांगू, मलाही आता त्या गाडीचा लळा लागलाय. मासळी वाहायला म्हणून कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून तू ती लढाईतली मिलिटरीची पिकअप ओढत आणलीस तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. खाकी रंग खरवडताना तुझी बोटं सोलली. मग अंधेरीजवळच्या आंबोलीच्या सेबॅस्टियन पेंटरने तो बाटलीसारखा हिरवा रंग चढवला आणि पुढे 'आई एकविरा' लिहिलं, तेव्हा तू रात्रभर तिच्याजवळच झोपलास. आणि खालच्या अंगाला तुझं ते मुशीचं तेल. गॅरेजवाले हसले, पण तू हट्टाने होडीला लावतात तेच, राळ घालून उकळलेलं तेल दर पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला फासत आलास. खाऱ्या हवेत दुसऱ्यांचे पत्रे गळून पडले, आपला शाबूत आहे. यंदाही मे महिन्याच्या शेवटी लावलंस. घाणीने मला जेवण जाईना. मांजरं गाडीखालून हलत नव्हती आणि वाऱ्याने उडालेली कोंबडीची पिसं त्याला जी चिकटली ती अजून तशीच आहेत.

इकडे सगळ्या होड्या वर ओढून शाकारल्या आहेत. ओली मासळी नाही. मी अंधेरीच्या बाजारात सुकं घेऊन बसते. शेजारची मंजुळाची जागा अजून कोणी घेतली नाही. कोणी टोपली टेकवू लागली की मी बघते तिच्याकडे, मग ती उठते. ही काही चांगली गोष्ट नव्हे, पण मला तसंच करावंसं वाटतं.

तिला जाऊन महिना झाला. त्या पहाटे मला ताप होता म्हणून ती एकटी निघाली, नाहीतर आम्ही दोघी बरोबरच जायचो. तिवरांच्या वळणावर तिची टोपली सापडली, बोंबील चिखलात पसरलेले सापडले, टोपलीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ मात्र नाही सापडली. तुझ्या निळ्या चौकटीच्या शर्टाच्या मी दोन चुंबळी वळल्या होत्या ना, एक मला आणि एक तिला? ज्याच्यासाठी तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास, तो शर्ट. ती चुंबळ तिच्याबरोबर द्यावी असं माझ्या मनात होतं. तिला नेण्याआधी मी त्या चिखलात गुडघ्याएवढी उतरून शोधली. धर्मा मला हाताला धरून वर घेऊन आला. त्याचीच बायको गेली होती आणि तोच मला समजावत होता.

तो बर्फाच्या कारखान्याचा ड्रायव्हर, लहू, अजून कोठडीत आहे. त्याच्या ट्रकमध्ये रक्त होतं, त्यामुळे पोलिसांना दुसरं काही बघायची गरज वाटली नाही. धर्माने वल्ह्याने त्याचा हात मोडला तो म्हणे वाकडाच बसलाय. तू मध्ये पडून धर्माला धरलंस म्हणून बरं, नाहीतर तिथेच दुसरं मढं पडलं असतं. सगळे अजून तुझं नाव काढतात. तुझे डोळे त्या वेळी कसे झाले होते ते मी पाहिलं. मग तिच्या तिरडीला खांदा देऊन आलास, न जेवता झोपलास आणि दुसऱ्या दिवशी वेरावळात इंजिनं खोलायचं काम मिळालं म्हणून निघालास. काम मिळालं कधी, सांगून आलं कोण, मला काही कळलं नाही. बरं, मिळालं ते चांगलंच झालं.

नारळी पुनवेला ये. तुझ्याशिवाय आपल्या घरचा नारळ समुद्राला कोण देणार?

तुझी
बाय

*

वेसावे,
१९ ऑगस्ट १९७३

हरेश्वरा,

पुनव झाली. तू आला नाहीस. नारळ धर्माच्या हातून सोडला. त्याने आपला सोडला, मग आपला, आणि तिसरा मंजुळाच्या नावाने. माझ्याकडे बघून म्हणाला, "हरू असता तर बरं झालं असतं, बाय. मना एकट्याला होडी लोटवत नाय." त्याच्या होडीला यंदा नवा रंग दिला नाही. गेल्या वर्षीच्याच रंगावर तेलाचा हात फिरवून त्याने ती पाण्यात लोटली.

मंजुळाची मालन दिवसभर माझ्याकडेच असते. पोर आईसारखीच बडबडी आहे. मी गाडी पुसते तेव्हा तीही फडकं घेऊन एक चाक पुसते. तिला ते चाक मी नेमून दिलंय, उजवीकडचं मागचं.

तुझं दुसरं पत्र मिळालं. त्यातही गाडीच. गाडी कोणाला भाड्याने देऊ नको, बाहेर काढू नको, आणि डावं मडगार्ड सेबॅस्टियनकडून ठोकून रंगवून घे. बर्फाच्या कारखान्याच्या फाटकाला घासलं म्हणतोस. घासलं तेव्हा घरी बोलला नाहीस. नवीन रंगाला नखाएवढा चरा पडला तर आठ दिवस तोंड पाडून बसणारा तू, आणि एवढा पत्रा आत गेला तरी एक शब्द नाही! गाडी भिंतीला डावी बाजू लावून ठेवून गेलास, म्हणून मलाही ताडपत्री बांधेपर्यंत दिसलं नव्हतं.

सेबॅस्टियनला बोलावलं. तो येऊन उकिडवा बसला, मडगार्डवरून हात फिरवला, म्हणाला, "बाय, फाटकाने हे नाय केलं. फाटक असता तर रंग घेऊन गेला असता. इथं रंग हाय ना, पत्राच आत बसलाय. कायतरी मऊ लागलंय. बैल-बिल होता काय?" मी म्हटलं, असेल. मग चहा देऊन त्याला परत पाठवला. म्हटलं, पावसाळी हवेत रंग धरत नाही, दसऱ्याच्या आधी बघू. हे तूच मला शिकवलंस, त्यामुळे तुला राग यायचं कारण नाही.

कडेला जिथे रंग तडकलाय तिथे गंज चढू नये म्हणून पॉलिशचं मेण जाड भरून ठेवलंय. त्या मडगार्डला घासत नाही, ठोकू देत नाही, रंगवूही देत नाही. बाकी गाडी तू दाखवलीस तशी झकास ठेवली आहे.

आणखी एक सांगायचं होतं. लहूची बायको शकु माझ्याकडे येऊन गेली. मालवणकडची आहे. आंबोलीच्या चाळीत राहते आणि हल्ली चार घरची भांडी घासते. मंजुळाची मैत्रीण कोण, असं विचारत विचारत ती आपल्या दारात आली. बायकांनी तिला बसू दिलं नसतं, मी आत घेतलं. ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिचं म्हणणं एवढंच, की तिचा नवरा बर्फ टाकून परत येत होता तेव्हा मंजुळा आधीच रस्त्याच्या कडेला पडलेली होती. "तेणां तिका उचल्ल्यान, म्हणान तो अडाकलो," ती म्हणाली. "आपल्या वाटेन गेलो असतो तर आज घरात असतो." हरू, मंजुळा तेव्हा जिवंत होती. पाणी मागितलं तिने. लहूने आपल्या तांब्यातलं पाजलं, मांडीवर डोकं घेतलं आणि मग तिला ट्रकमध्ये ठेवून इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाला म्हणे, थोडं आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. ती तिथे पाऊण-एक तास पडून असावी.

शकुला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की मी धर्माला हे सांगावं. मी तिला चहा दिला, थोडे सुके बोंबील बांधून दिले. धर्माला अजून सांगितलेलं नाही. काय सांगायचं ते माझं ठरत नाही.

त्या पहाटे तू बर्फाच्या ट्रकच्या पुढे होतास की मागे? सहज विचारते. तुझ्या मासळीच्या खेपेचा तोच रस्ता, तीच वेळ, म्हणून. पुढच्या पत्रात लिही.

हवा बदलली की तुला खोकला होतो. छातीला तेल चोळत जा.

तुझी
बाय

*

वेसावे,
२३ सप्टेंबर १९७३

हरू,

मी विचारलं त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. त्याऐवजी लिहिलंस, की पाऊस ओसरला असेल, तर गाडीच्या पोटाचं तेल पुन्हा लावून घे, नाहीतर दिवाळीपर्यंत पत्रा खाली येईल. सेबॅस्टियनला वास सोसत नाही, गॅरेजमधल्या लवूला सांग, असंही लिहिलंस. लवूला कशाला सांगू? माझं सगळं आयुष्य त्याच वासात गेलं.

मी स्वतःच केलं. मुशीचं तेल आणलं, राळ घातली, मागच्या अंगणात चूल मांडून उकळलं. दुपारी सगळं सामसूम झाल्यावर जुनं लुगडं नेसून, डोक्याला फडकं बांधून गाडीखाली शिरले. काथ्याचा कुंचला घेतला. जुन्या थराला चिकटलेलं काय काय आधी खरवडून काढावं लागतं. पिसं निघाली, सुकलेला पाला निघाला, कसला तरी कागद निघाला. मागून पुढे सरकत आले. पुढच्या डाव्या चाकाच्या आत, मडगार्डच्या पोटात वर, जिथे तू नेहमी जास्त तेल भरतोस, तिथे हात गेला.

चुंबळ होती, हरू.

तेलात रुतून काळी झाली होती. पाऊस तिथपर्यंत पोचत नाही, तू मारलेलं विहिरीचं पाणीही पोचलं नाही. मी ती काढली, बोटाने एका बाजूचं तेल पुसलं. निळी चौकट दिसली. माझे टाके मला ओळखू येतात. शेवटची गाठ मी नेहमी आत घेते, म्हणजे केसात अडकत नाही.

वर तुझी एवढी जपलेली गाडी आणि खाली मी. मालनने येऊन पायाला हात लावला तेव्हा बाहेर आले. "तेल डोळ्यात गेलं काय, काकी?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

आता लपवून काही लिहीत नाही. मला ते फाटक कधीच पटलं नव्हतं. सेबॅस्टियनने हात फिरवला तेव्हाच मी त्याला घाईने चहा देऊन वाटेला लावला होता. त्याच्याही आधी, त्या सकाळी, धुतलेली गाडी तू पुन्हा धूत होतास ते मी तापात खिडकीतून पाहिलं होतं. पण माणूस आपल्या माणसाबद्दल जेवढं कळून घ्यायचं तेवढंच कळून घेतो. म्हणून मी मेण लावत बसले. मडगार्डवर मेण, माझ्या मनावर मेण.

चुंबळ घेऊन चुलीजवळ बसले होते. जाळ चांगला होता, तेलाची चुंबळ भक्कन पेटली असती. आई गेली तेव्हा तू दोन वर्षांचा होतास, माझ्या कडेवर. बाबा समुद्रात गेले ते आलेच नाहीत. नवरा गेल्यावर मी सासर सोडून परत आले ती तुझ्यासाठीच. माझ्याकडे दुसरं आहे काय? टाकावी, असं हातात आलं होतं. नाही टाकवली. आत पोर झोपली होती, तिच्या आईची वस्तू मी कशी जाळू? आणि दुसऱ्या बाईचा नवरा वाकड्या हाताने कोठडीत बसलाय, त्याचं काय?

अंधारात धडक बसली, असेल. तिवरांच्या वळणावर माणूस दिसत नाही, मान्य. मी तुला खुनी म्हणत नाही, दुसऱ्या कोणाला म्हणूही देणार नाही. पण तू थांबला नाहीस. परका माणूस थांबला, त्याने पाणी पाजलं. तिने तुला किती वेळा जेवू घातलं होतं! लहूला मारत होते तेव्हा एक शब्द तुझ्या तोंडात होता. तू धर्माचे हात धरलेस आणि तो शब्द गिळलास. मग तिच्याच तिरडीला खांदा दिलास. हे मला सहन होत नाही. मला तुझा राग येतो, एवढा की तुझ्या थाळीकडे बघवत नाही म्हणून ती मी फडताळाच्या मागे ठेवली आहे.

दिवाळीनंतर लहूची केस उभी राहणार. त्याचा वकील नुसता नावाचा आहे, असं शकु सांगत होती. शिक्षा होणार असं सगळे धरून चालले आहेत.

तू ये. दसऱ्याच्या आधी ये. स्वतःच्या पायाने ये, धर्मासमोर उभा राहा, मग मी तुझ्याबरोबर चौकीत येते. तुझ्या एका बाजूला मी असेन, लोक काय बोलायचं ते बोलोत. मी दसऱ्यापर्यंत कोणाला काही सांगत नाही. त्यापुढे मला शक्य नाही.

चुंबळ देव्हाऱ्याच्या मागे आहे. तेल मी पुरं लावून घेतलं. ती जागा मात्र तशीच सोडली.

बाय

*

वेसावे,
७ ऑक्टोबर १९७३

हरेश्वरा,

काल दसरा झाला.

त्याच्या दोन दिवस आधी तुझ्याकडचा, वेरावळचा एक खलाशी येऊन गेला. मी दारातच उभी होते. वाटलं, मागून तू येत असशील, लाजून कोपऱ्यावर थांबला असशील. त्याने पिशवीतून रंगाचा डबा काढला. बाटलीसारखा हिरवा, तोच. म्हणाला, "बायला सांग, उरकून टाक, एवढंच बोलला हरू." चिठ्ठीही नव्हती. डब्याचं झाकण मी उघडलं नाही. तो तुझ्या खाटेखाली ठेवला आहे.

काल सकाळी मी गोड्या विहिरीच्या खेपा घातल्या आणि गाडी नीट धुतली. बांबू सोडले, ताडपत्रीची घडी करून ठेवली. पॉलिश केलं, शेवटचा सुका हातही फिरवला. मग रॉकेलने डाव्या मडगार्डवरचं मेण काढलं. आत गंजाचा ठिपकाही नव्हता, हरू. जसं लागलं होतं तसंच होतं. झेंडूचं तोरण बांधलं. गाडी उघडी पडलेली बघून गल्ली गोळा झालीच. धर्माला मी आदल्या दिवशीच ये म्हणून सांगितलं होतं. शकुलाही निरोप धाडला होता, ती लांब, नळाजवळ उभी राहिली.

नारळ ठेवतात तिथे, बॉनेटवर, मी चुंबळ ठेवली.

काय बोलायचं ते मी सगळं ठरवून ठेवलं होतं. बोलावंच लागलं नाही. मालन हळदकुंकवाचं ताट धरून माझ्या पुढे होती. ताट तिने खाली ठेवलं, चुंबळ उचलली आणि डोक्यावर ठेवून बापाकडे वळली. "बाबा, आयची चुंबल."

धर्मा पुढे आला. पोरीच्या डोक्यावरून त्याने ती काढली, उलटसुलट केली, नाकाशी धरली. मुशीच्या तेलाचा वास काय तो ओळखणार नाही? मग खाली बसून मडगार्ड बघितलं. मी म्हटलं, "गाडीखाली सापडली, धर्मा. तेलात. हरू होता." तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला. मग नळाकडे उभ्या असलेल्या शकुकडे बघितलं आणि मला विचारलं, "मी कोनाचा हात मोडला गं, बाय?"

तू असतास तर तुला तरी उत्तर देता आलं असतं का?

पुढचं थोडक्यात सांगते. पोलीस आले, पंचनामा झाला, गाडी ढकलत चौकीच्या आवारात नेली. सेबॅस्टियनने येऊन फाटकाचं जे मला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं. धर्माने स्वतः जबानी दिली, आणि आज सकाळी मासळी न उतरवता तो शकुबरोबर कोठडीत लहूला भेटायला गेला. आल्यावर होडीत जाऊन एकटाच बसला. लहू लगेच सुटेल असं नाही, कागद हलायला वेळ लागतो म्हणतात, पण सुटेल. हात मात्र वाकडाच राहणार. तो पुन्हा ट्रक चालवू शकणार नाही.

गल्लीत माझ्याशी कोणी बोलत नाही. निम्म्यांना वाटतं मी भावाला विकलं, निम्म्यांना वाटतं एवढे महिने लपवलं. दोन्ही बाजूंचं मला पटतं, म्हणून मी भांडत नाही. आज बाजारात माझ्या एका बाजूला मंजुळाची रिकामी जागा होती, दुसऱ्या बाजूचीही बाई उठून गेली. मालनला मात्र धर्माने आजही नेहमीसारखं माझ्याकडे आणून सोडलं.

इन्स्पेक्टरने तुझा पत्ता विचारला. मी दिला. ज्या हाताने पाकिटावर लिहिते त्याच हाताने त्यांच्या कागदावर लिहिला, तू काम करतोस त्या मासळीवाल्या शेठच्या नावासकट. तुझ्यापासून हे लपवत नाही. त्यांची माणसं निघतील. हे पत्र त्यांच्या आधी पोचेल की नंतर, ते मला सांगता येत नाही.

आधी पोचलं, तर ऐक. तिथून दुसरीकडे जाऊ नकोस. आगगाडीत बस आणि इकडे ये. आणलेला माणूस आणि आलेला माणूस यांच्यात फरक असतो, तो कोर्टाला कळो न कळो, धर्माला कळेल. मला तर कळेलच. आधी चौकीत जा, घरी नंतर. घरी येऊन मला विचारत बसलास, तर मी तुला जेवायला वाढीन आणि मग मला तुला पाठवणं जड जाईल.

तुझी गाडी तिथे उन्हात उघडी उभी आहे. दुपारी मी जाऊन ती पुसून आले. पुराव्याला हात लावू नका म्हणाले, म्हणून डावी बाजू सोडून बाकीची पुसली.

भाऊबीज आता आलीच. दरवर्षी पाटावर बसून तू घाई करायचास, लवकर आटप बाय, माल खराब होतो म्हणायचास, आणि मी मुद्दाम सावकाश ओवाळायची. यंदा तू जिथे असशील तिथे ताट घेऊन येईन. चौकीतल्या हवालदाराला विचारून ठेवलं आहे. तो म्हणाला, गजांबाहेर उभं राहून ओवाळता येतं, बायका येतात. म्हणजे तिथेही बहिणी येतात तर.

फडताळामागची थाळी काढून घासून ठेवली आहे. पण तू पळालास, तर ताट घेऊन कुठे जायचं ते मला कोण सांगणार?

वाट बघते.

तुझीच,
बाय